आजोबांची तिफण: भंगारात, हॉटेलात की संग्रहालयात?

माळवदी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत होतो, धागा पहिलाच काढतोय. सांभाळून घ्या.

गाव बार्शी तालुक्यात, नोकरी पुण्यात. गावचं घर पाडून नवं बांधायचं ठरलंय. गेल्या आठवड्यात धाकट्या भावाबरोबर सोपा आणि गोठा रिकामा केला. निघालं ते असं: एक तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार (बी सोडायचं चाडं शाबूत, नळ्या किडलेल्या), कुळवाचं दिंड, दोन जू, मोटेचं लाकडी चाक, धान्य मोजायच्या मापांचा संच, जात्याची वरची पेठ (तळी बेपत्ता) आणि कुणालाच ओळखू न आलेली तीन-चार लाकडं.

भाऊ म्हणतो, लोखंड भंगारात घाल, लाकूड चुलीत. महामार्गावरचा एक हॉटेलवाला येऊन बघून गेला, त्याला सगळं हवंय, भिंतीला टांगायला. आणि शाळेचे हेडमास्तर म्हणतायत की जुन्या वर्गखोलीत छोटं ग्रामजीवन संग्रहालय करू, पहिली देणगी तुमची.

मन तिसरीकडे ओढतंय, पण अशा खोल्यांचं पुढे काय होतं तेही पाहिलंय. उद्घाटनाला हार, वर्षभराने कुलूप. तुम्ही कुठं चांगलं काही पाहिलंय का? आणि मुळात ही लाकडं जपावीत का? फोटो १ ते ६ खाली टाकलेत.

टिवल्याबावल्या
हॉटेलात देऊ नका हो. आमच्या ऑफिसजवळच्या 'गावरान' हॉटेलात दिव्याला शेड म्हणून सूप उलटं टांगलंय. वेटरला म्हटलं, दादा, सूप उलटं आहे. तो म्हणाला, बदलून आणतो, टोमॅटो की मंचाव?

सईची_आई
=)) टिवल्या!

माळवदी, कणेरीला जाऊन या. कोल्हापूरजवळचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. सात एकरांवर उघड्यावर गाव उभं केलंय, तीनशेहून अधिक सिमेंटचे पुतळे. सुतार, लोहार, कुंभार, मोट, मळणी, सगळं. पुतळ्यांच्या हातावरच्या शिरासुद्धा दिसतात. सई तेव्हा सात वर्षांची होती. तिथून आल्यावर महिनाभर 'बलुतं म्हणजे काय' हेच चालू होतं.

भातखाचर
आमच्याकडे गणपतीपुळ्याला 'प्राचीन कोकण' आहे, तेही पुतळ्यांचंच. पण तुम्ही देशावरची मंडळी शेतीचं संग्रहालय म्हटलं की कुळव, पाभर आणि मोट. भाताचं काय? इरलं, गुटा, मुडा? मुड्यात भात भरून वरून पेंढ्याच्या दोरांनी आवळायचं काम माझे आजोबा करायचे. तो गोल गरगरीत मुडा अंगणातून लोटत न्यायचा, फुटायचा नाही. आता आमच्या वाडीत मुडा बांधता येणारा एकही माणूस उरलेला नाही. जिन्नस ठेवायचा कुठून?

वऱ्हाडी_ठेचा
@भातखाचर, आमी बी हावोच ना भाऊ. आमच्याकडे कुळव नाही, वखर म्हनतेत. कोळपं नाही, डवरं. एक राज्य आणि अवजारांची नावं दर पन्नास कोसांवर वेगळी. संग्रहालयाच्या पाटीवर एकच नाव लिहिलं की बाकीची मेली समजा.

(फोटो २ मधलं जू मोठं सुबक आहे, बाभळीचं दिसते.)

धूळपाटी
मी एका वस्तुसंग्रहालयात जतनाचं काम करते. (कुठलं ते सांगत नाही, साहेब इथे वाचतात.) आधी कामाचं.

१. लाकडाला वॉर्निश मारू नका. उत्साही माणसं पहिलं तेच करतात. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढा. वाळवी किंवा भुंगा लागलाय का बघा, खाली ताजा भुसा पडत असेल तर जिवंत कीड आहे. अशी वस्तू बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.
२. जमिनीवर ठेवू नका. विटांवर फळी टाका, भिंतीपासून वीतभर लांब.
३. लोखंडाचा गंज घासून चकचकीत करू नका. फाळावरची झीज हीच माहिती असते.
४. वही घाला. प्रत्येक वस्तूला नंबर, आणि नंबरासमोर: कुणाची, कुणी बनवली, केव्हापर्यंत वापरात होती, घरात तिला काय म्हणत.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कुणी करत नाही. आमच्या भांडारात अशा कित्येक लाकडी वस्तू आहेत, ज्यांच्यासमोर नुसतं 'शेती अवजार' लिहिलंय. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी आणून दिल्या. तेव्हा विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

घरात कुणी जुनं माणूस आहे का?

माळवदी
तात्या आहेत, माझे चुलते. ऐंशीच्या पुढे. ऐकू कमी येतं आणि मूड असेल तरच बोलतात. आम्ही सामान काढत होतो तेव्हा ओट्यावर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत.

निवृत्त_मास्तर
तुम्ही विचारलं नसेल, म्हणून बोलले नसतील.

फोटो ५ मधलं 'ओळखू न आलेलं' लाकूड मला तिवडा वाटतो. खळ्याच्या मधोमध रोवायचा खांब. मळणीची पात, म्हणजे बैलांची रांग, त्याच्याभोवती फिरे. नीट पाहा, बुंध्यापासून हात-दीड हातावर लाकूड चहूबाजूंनी खोलगट झिजलंय. ते सुताराचं काम नव्हे, बैलाच्या दाव्याचं आहे. इतकं खोल जायला किती सुगी लागल्या असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

मापांबद्दल. संच पूर्ण असेल तर फार मोलाचा आहे. आमच्याकडचं कोष्टक: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढे बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. १९५६च्या कायद्याने दशमान मापं आली आणि सरकारी हिशेबातून हे गेलं, पण खळ्यावर पुढे कितीतरी वर्षं पायलीच चाले. मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. आमचे वडील बँकेत नोटा मोजतानाही पहिल्या नोटेला पुटपुटत 'लाभ'च म्हणत.

भातखाचर
मण सोळा पायल्यांचा, मास्तर.

निवृत्त_मास्तर
तुमच्याकडे असेल. आमच्याकडे बाराचा.

टिवल्याबावल्या
म्हणजे कोकणातून देशावर धान्य आणून मणाने विकलं की मणामागे चार पायल्या नफा. ही स्टार्टअपची कल्पना आजवर कुणाला कशी सुचली नाही?

गंजलेला_खिळा
इंजिनिअर माणूस आहे, म्हणून एक शंका. संग्रहालयात मोट कशी चालते हे कुणालाच नीट समजत नाही. मी दोन-तीन ठिकाणी पाहिली. चाक होतं, दोर होता, कातडी पिशवी होती, पण पाणी वर आल्यावर आपोआप ओतलं कसं जातं याचा पाटीवर पत्ता नाही. माणूस वर उभा राहून रिकामी करत असे का?

निवृत्त_मास्तर
नाही, तीच तर गंमत. मोटेला दोर दोन. जाड नाडा मोटेच्या तोंडाला, तो वरच्या चाकावरून जातो. बारीक सोंदूर सोंडेच्या, म्हणजे मोटेच्या खालच्या कातडी नळीच्या टोकाला, तो खाली थारोळ्याच्या (पाणी पडायच्या कुंडाच्या) तोंडाशी बसवलेल्या कण्यावरून, म्हणजे आडव्या फिरत्या लाटेवरून. मोट विहिरीत असते तेव्हा सोंदूर सोंडेला वर दुमडून धरतो, म्हणून पाणी सांडत नाही. बैल धावेवरून, म्हणजे त्यांच्या जायच्या-यायच्या वाटेवरून, उतरत गेले की दोन्ही दोर बरोबर ओढले जातात. मोट काठाच्या वर चढते, सोंड मात्र खालच्या कण्याशीच अडते आणि सरळ होऊन थारोळ्यात मोकळी होते. मग बैल उलट्या पावली मागं. दोन दोरांची लांबी चुकली की एकतर पाणी विहिरीतच परत किंवा मोट्याच्या अंगावर. लांबी मोट्या स्वतः गाठ मारून ठरवी.

आणि धाव उताराची असते हे विसरू नका. जाताना बैलाचं वजन ओढायच्या कामी येतं.

गंजलेला_खिळा
जबरदस्त! एका नाडीवर चालणारा झडपेचा वॉल्व्ह आणि बैल हेच इंजिन. हे चार ओळींत पाटीवर लिहायला काय जातं? मुलं चाकाकडे बघून 'मोठी कप्पी' म्हणतात आणि पुढे सरकतात.

परदेशी_पाखरू
मी स्टॉकहोममध्ये राहते. इथलं स्कान्सेन १८९१ साली सुरू झालं. हाझेलियस नावाच्या माणसाने देशभरातली शेतघरं सुटी करून आणली आणि टेकडीवर पुन्हा उभी केली. उघड्यावरच्या संग्रहालयांची सुरुवात इथूनच मानतात. त्या घरांत त्या त्या काळचे कपडे घालून माणसं खरंच काम करत असतात. चूल पेटलेली असते, धूर असतो. मला तो धूरच आठवतो, घरं नाही.

आपल्याकडे मद्रासच्या बाहेर मुत्तुकाडूला दक्षिणचित्र आहे, १९९६ पासून. तिथंही पाडायला काढलेली जुनी घरं विकत घेऊन पुन्हा बांधलीत. माळवदी, तुमचं घर पाडताय म्हणालात ना? माळवदाचं आहे?

माळवदी
होय, पांढऱ्या मातीचं माळवद. आयडी उगीच नाही घेतला. पण घर सुटं करून हलवणं आपल्या आवाक्यातलं नाही, शाळेच्या तर नाहीच नाही.

वेशीबाहेर
सगळं वाचलं. वस्तूंवर प्रेम आहे तुमचं, ठीक. आता माझं ऐका.

बारा बलुतेदारांचे देखावे मीही पाहिलेत. सगळे हसतमुख, सगळ्यांचे कपडे स्वच्छ, गाव कसं सुखी. माझे पणजोबा गावचे तराळ होते. रात्री-अपरात्री दवंडी, सरकारी टपाल पायी पोचवणं, मेलेली ढोरं ओढणं. बलुतं म्हणून खळ्यावर सगळ्यात शेवटी जे उरेल ते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या, म्हणजे या पिढीजात गावकामाच्या, कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते काय उगीच? प्रत्यक्षात ही वतनं गेली १९५८च्या कायद्याने. मधली तीस वर्षं मोजा.

मास्तरांनी मोटेचं यंत्र सुंदर सांगितलं. ती मोट कातड्याची होती. ते कातडं कुणी सोललं, कुणी कमावलं, कुणी शिवलं? आणि त्या विहिरीचं पाणी पिण्याची त्यांना परवानगी होती का? ही पाटी कुठल्या संग्रहालयात आहे?

शिवारफेरी
झालं, आली जात. अहो, चांगला धागा चालला होता. जुनं उगाळून काय मिळतं?

वेशीबाहेर
संग्रहालय म्हणजे दुसरं काय असतं? तुम्ही तिवडा उगाळताय, मी दोर उगाळतोय.

निवृत्त_मास्तर
वेशीबाहेर, बरोबर आहे तुमचं. मी मोट लहानपणी चालवलेली आहे, फुटली की चांभाराकडे घेऊनही गेलोय. तो आमच्या ओट्याच्या खाली उभा राहायचा. ते वर लिहिताना मला आठवलं नाही. आठवायला हवं होतं.

धूळपाटी
शिवारफेरी, हा विषय सोडून संग्रहालय होत नाही. आमच्याकडे हाच वाद दर नव्या दालनाच्या वेळी होतो आणि दर वेळी 'शाळेच्या सहली येतात' म्हणून मिटवला जातो.

बायकांचंही तेच. जातं असतं, जात्यापाशी पुतळा असतो, पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईचं म्हणणं नसतं. ते म्हणणं मिळू शकतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आता 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. त्यात देव आणि माहेर आहे, तसा सासुरवास आणि जातही आहे. शाळेच्या खोलीत पेठेशेजारी एक मोबाइल आणि हेडफोन ठेवला तरी तळी नसलेलं जातं बोलेल.

सईची_आई
माझ्या आजीच्या हाताला खुंट्याचा घट्टा होता, म्हातारपणी हात मऊ पडले तरी तो गेला नाही. गिरणी गावात आली तेव्हा ती किती वर्षांची होती हे विचारायचं राहिलं. अशा वेळी चिडचिड होते स्वतःची.

शेतकरीच_आहे_मी
धाग्यावर शेती करणारा मी एकटाच दिसतोय म्हणून लिहितो. हौस चांगली आहे. पण एक लक्षात घ्या, आम्ही ही अवजारं मजेने सोडली नाहीत आणि दुःखानेही नाही. बैलजोडी पोसायला वर्षभर चारा लागतो, काम वर्षातून थोडे दिवस. माझ्या वडिलांनी ज्या दिवशी विहिरीवर इंजिन बसवलं त्या दिवशी मोट परड्यात फेकली आणि पुन्हा तिच्याकडे वळून पाहिलं नाही. 'पाठ सुटली' म्हणाले.

आणि नवं कधी सहज आलंय असंही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. आता तोच नांगर 'पारंपरिक' म्हणून संग्रहालयात बसलाय. थोड्या वर्षांनी माझा फवारणीपंपही तुम्ही काचेत ठेवाल.

टिवल्याबावल्या
पंपाशेजारी पाटी: 'याचा हप्ता अजून चालू आहे.'

शेतकरीच_आहे_मी
=)) ते मात्र खरं.

परदेशी_पाखरू
भोपाळचं मानव संग्रहालय कुणी पाहिलंय का? श्यामला टेकडीवर, दोनशे एकरांचा परिसर. तिथली आदिवासी घरं त्या त्या भागातल्या माणसांनीच येऊन बांधलीत. म्हणजे घराबरोबर बांधायची रीतही आली. भातखाचर यांच्या मुड्याचा प्रश्न असाच सुटेल ना, बांधणारा कुठंतरी सापडला तर?

भातखाचर
शेजारच्या गावात एक म्हातारबाबा आहेत असं आई म्हणते. पावसाआधी जाऊन येतो.

गोव्यात बाणावलीला 'गोवा चित्र' पाहिलंय मी. व्हिक्टर ह्युगो गोम्स या एकाच माणसाने चार हजारांहून जास्त वस्तू जमवल्यात, बऱ्याचशा पाडलेल्या घरांतून. तिथं नांगर, घाणे, मापं वगैरे पाहताना वाटलं, हे सगळं आमच्या पडवीत होतं की. पडवीत होतं तेव्हा पायात येतं म्हणून लाथाडलं.

गंजलेला_खिळा
मूळ धाग्याकडे येतो. फोटो १ मोठा करून पाहिला. माळवदी, तुम्ही तिफण म्हणताय, पण खाली फण मोजा. मला चार दिसतायत. आणि वरच्या चाड्याला भोकं तीनच. भोकातून नळी, नळीतून फणात बी, असंच असतं ना? मग चौथ्या फणाला बी कुठून जाणार? हे दोन वेगळ्या अवजारांचे भाग तर नाहीत?

वऱ्हाडी_ठेचा
चार फण म्हंजे तिफन नाही भाऊ. तीन असन तरच तिफन, नावातच हाय.

पन चौथ्याचं उत्तर असू शकते. आमच्याकडे तिफनीमागं सरतं बांधतेत. एक सुटी नळी, दोरीनं मागं बांधलेली. बाई ओटीत बी घेऊन मागं चालते आन मुठीनं त्यात सोडते. मुख्य पीक चाड्यातून, तूर सरत्यातून. तुमच्या घरी विचारा.

माळवदी
आता मलाच मोजायला लागलं. चार आहेत! लहानपणापासून घरात 'तिफण, तिफण' ऐकत आलो, म्हणून तिफण. शनिवारी गावी चाललोय, विचारतो. तोवर हॉटेलवाल्याला 'नाही' म्हणून कळवलंय, भावाने दोन दिवस बोलणं सोडलंय.

निवृत्त_मास्तर
विचारताना फोन समोर धरून 'बोला तात्या' म्हणू नका. अवजार उचलून त्यांच्यासमोर आणा आणि उलटं धरा. गप्प बसवणार नाही त्यांना.

टिवल्याबावल्या
मास्तर, हा उपाय मी आमच्या वडिलांसमोर पाना उलटा धरून रोजच करतो, नकळत.

माळवदी
परत आलो. सविस्तर लिहितो.

मास्तरांचं ऐकलं. चाडं ओट्यावर नेऊन उपडं ठेवलं. तात्या दोन मिनिटं बघत राहिले, मग काठीने ढोसून म्हणाले, "पालथं कशाला घातलंस, पाऊस साठतोय व्हय त्यात?" तिथून दीड तास.

ती तिफण नाही. चार फणांची पाभर आहे. घरात तिफण म्हणायचे कारण तिच्याआधी तिफण होती, नाव पुढे चालू राहिलं. घडवली गावातल्याच सुताराने, सुगीला बलुत्यावर. फोटो ५ तिवडाच, मास्तर, आणि फोटो ६ ची लाकडं म्हणजे वावडीचे पाय. तिच्यावर उभं राहून धान्य उपणायचे.

चाड्याचं असं. आमचं चार भोकांचं चाडं बहात्तरच्या दुष्काळात वाळून उकललं. पुढच्या मिरगाला पेरणी तोंडावर, सुतार दुसऱ्याच्या कामात. म्हणून वरच्या आळीतल्या एका घरातून तीन भोकांचं चाडं मागून आणलं. तीन फणांतून बाजरी, चौथ्या फणाला मोघा बांधला आणि त्यातून आजी तूर सोडत मागं चालली. वऱ्हाडी भाऊ, तुमचं सरतं ते आमच्याकडे मोघा. तसं ते सोयीचं पडलं आणि तसंच चालू राहिलं. आजी म्हणे पाभरीच्या चालीला पाऊल मिळवत जाई, मूठ एकदाही मोकळी सुटत नसे. तात्यांनी मूठ करून दाखवली, अंगठ्याने एक-एक दाणा कसा सरकवायचा ते. तेवढं मात्र मी फोनवर घेतलंय.

वेशीबाहेर, मोटेचंही विचारलं. मोट शिवणाऱ्याचं नाव त्यांना ठाऊक होतं, घर कुठं होतं तेही. पाणी कुठलं प्यायचे विचारलं तर बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "वरनं वतायचे." तेही वहीत तसंच लिहिलंय. हेडमास्तर पाटीवर घेतील की नाही ते बघू, मी आग्रह धरणार.

घरावर जेसीबी दिवाळीनंतर. सामान तोवर शाळेत, विटांवर, वॉर्निशशिवाय. भाऊ स्वतः विटा रचत होता.

धूळपाटी
मोघ्याचा व्हिडिओ दोन ठिकाणी साठवून ठेवा. आजच.

आणि एक प्रश्न. नोंदवहीत 'कुणाची' या रकान्यात चाड्यासमोर काय लिहिलंत? ते मागून आणलेलं होतं ना?

माळवदी
तेच सांगायचं राहिलं. परत द्यायचं राहून गेलं, असं तात्या म्हणाले आणि हसायलाच लागले. पन्नासएक वर्षं झाली! मी त्या घरातल्या नातवाचा नंबर मिळवला, तो पिंपरीत असतो. फोन करून म्हटलं, तुमच्या आजोबांचं चाडं आमच्याकडे आहे, शाळेत ठेवलं तर चालेल का?

तो म्हणाला, "अहो, आमची तिफण माळ्यावर पडून आहे. चाडं कुठं गेलं म्हणून आजोबा मरेपर्यंत आजीला बोलत होते."